अर्धं बटण कुठं असतं?

इंडक्शनची शेगडी अगदी कमी आकड्यावर ठेवून तिच्यावर कपभर दूध तापवून बघा. दूध शांतपणे तापत नाही. काही सेकंद फसफसून वर येतं, मग एकदम खाली बसतं, पुन्हा वर येतं. कान दिलात तर शेगडीची गुणगुणही तशीच येते आणि जाते. आमच्या आत्याला वाटलं होतं की शेगडी बिघडली. बिघडलेली नव्हती. बऱ्याच घरगुती इंडक्शन शेगड्यांना एका मर्यादेखाली सलग मंद तापवता येत नाही. त्यामुळं त्या थोडा वेळ तापवतात, थोडा वेळ गप्प बसतात आणि सरासरीनं 'मंद आच' साधतात. साध्या मायक्रोवेव्हचंही तेच. 'मीडियम' लावलं की आतली लहरी तयार करणारी नळी अर्ध्या जोरानं चालत नाही; काही सेकंद पूर्ण जोरानं चालते आणि काही सेकंद बंद राहते.

आता त्याच शेगडीवर, त्याच आकड्यावर, वरणाचं मोठं पातेलं ठेवा. फसफस दिसणारच नाही. वरण एका लयीत रटरटत राहील. शेगडी तशीच चालू-बंद होत असते, पण दोन-तीन लिटर वरणाला तापायलाही वेळ लागतो आणि निवायलाही. पाच-दहा सेकंदांची चालू-बंद त्याच्या लक्षातही येत नाही. कपभर दुधाला मात्र ती लगेच जाणवते.

एवढं लक्षात ठेवलंत तर आजचा अर्धा लेख तुम्हाला समजलाच.

या वेळचा विषय निवडायला मला फार विचार करावा लागला नाही. गणपतीला दोन महिने राहिले, की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा रंग बदलतो. यंदा हलत्या देखाव्यांबद्दल तीन ठिकाणांहून प्रश्न आले आणि तिन्हींचं मूळ एकच होतं. सगळ्यांत बोलका प्रश्न असा: "दादा, आम्ही विठ्ठल जनाबाईला दळू लागतो असा देखावा करतोय. भंगारातून गाडीच्या वायपरची मोटर आणली. पण जनाबाईचं जातं मिक्सरसारखं फिरतंय. हळू कसं करायचं?"

वायपरची मोटर देखाव्यासाठी उत्तमच. १२ व्होल्टवर चालते, आत गिअर असल्यामुळं ताकद भरपूर, आणि जुन्या बाजारात सहज मिळते. पण ती काच पुसण्यासाठी बनवलेली आहे, ओव्या म्हणण्यासाठी नाही. समजा ती मिनिटाला ४५ फेऱ्या मारते आणि आपल्या जात्याला १५ पुरे आहेत. मग करायचं काय?

जुना उपाय आणि त्यातली आग

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तो असा, की वाटेत अडथळा घालू. म्हणजे रेझिस्टन्स. नळाची तोटी थोडी आवळावी तसं. उपाय चालतो, मोटर हळू होते. पण जरा हिशेब मांडू.

समजा आपली मोटर ६ व्होल्टवर २ अँपिअर घेते. पुरवठा १२ व्होल्टचा. उरलेले ६ व्होल्ट रेझिस्टन्सला सोसावे लागतात आणि त्यातूनही तेच २ अँपिअर जातात. ६ गुणिले २, म्हणजे १२ वॅट. मोटरला १२ वॅट आणि रेझिस्टन्सलाही १२ वॅट. मोटरला मिळालेल्या विजेतून निदान जातं तरी फिरतं. रेझिस्टन्समधल्या विजेची नुसती उष्णता होते. सोल्डरिंगचं साधं आयर्न २५ वॅटचं असतं. त्याच्या जवळजवळ निम्मी उष्णता तुम्ही मखराच्या मागं, कापड, कागद आणि थर्मोकोलच्या मधोमध, दहा दिवस तापत ठेवता आहात.

यात आणखी एक गोम आहे. जात्यात काही अडकलं आणि मोटर जड झाली, की ती जास्त प्रवाह मागते. प्रवाह वाढला की रेझिस्टन्स जास्त व्होल्ट खातो, मोटरच्या वाट्याला कमी येतात आणि ती थांबते. तिकडं रेझिस्टन्सची उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते: प्रवाह दीडपट झाला तर उष्णता सव्वादोन पट. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा मोटर कमजोर आणि मागचा भाग जास्त गरम. आरतीच्या गर्दीत हे कुणाच्या लक्षात येणार?

जुन्या सीलिंग फॅनचा मोठा, चौकोनी रेग्युलेटर आठवतो? पंखा एकवर ठेवला की तो तापायचा. आजोबा म्हणायचे, "पंखा हळू केला म्हणून बिल कमी येत नाही." त्या रेग्युलेटरच्या बाबतीत ते बरंचसं खरं होतं. पंख्यानं न वापरलेल्या विजेचा बराच भाग रेग्युलेटर गरम करण्यात जायचा.

मधलं काहीच नको

आता दुसरा रस्ता. वाटेत अडथळा न घालता फक्त एक बटण घालायचं आणि ते सेकंदाला हजार वेळा चालू-बंद करायचं.

एका सेकंदाचे हजार भाग केले, तर प्रत्येक भाग एक मिलिसेकंदाचा, म्हणजेच १००० मायक्रोसेकंदांचा. त्यातले ३०० मायक्रोसेकंद बटण चालू आणि ७०० बंद. पुढच्या मिलिसेकंदातही तसंच. मोटरला सरासरीनं १२ च्या ३० टक्के, म्हणजे ३.६ व्होल्ट मिळतात. ३०० चे ५०० केले की ६ व्होल्ट. ठोक्यांची संख्या तीच, फक्त प्रत्येक ठोक्यात चालू राहण्याचा वेळ कमी-जास्त. ठोक्याची रुंदी बदलायची, म्हणून याचं नाव पल्स विड्थ मॉड्युलेशन. आपण पीडब्ल्यूएम म्हणू. एका ठोक्यात किती टक्के वेळ चालू, त्या आकड्याला ड्यूटी सायकल म्हणतात.

यातली खरी गंमत बटणाच्या तापण्यात आहे. कुठल्याही भागात किती उष्णता तयार होते? त्याच्यावर पडलेले व्होल्ट गुणिले त्यातून जाणारे अँपिअर. बटण बंद असताना अँपिअर शून्य, म्हणून उष्णता शून्य. बटण पूर्ण चालू असताना व्होल्ट जवळजवळ शून्य, म्हणून उष्णता पुन्हा जवळजवळ शून्य. तापतं ते अर्धवट उघडलेलं बटण. रेझिस्टन्स म्हणजे कायमचं अर्धवट उघडलेलं बटण. पीडब्ल्यूएममध्ये आपण त्या अर्धवट जागेत थांबतच नाही.

हे बटण बोटानं दाबायचं नसतं. ते काम मॉस्फेट नावाचा तीन पायांचा ट्रान्झिस्टर करतो. आयआरएलझेड ४४ एन या सहज मिळणाऱ्या मॉस्फेटचा चालू असतानाचा अडथळा साधारण ०.०२५ ओहम. दोन अँपिअरला त्यात ०.१ वॅट जातात. सोबतचा डायोड धरला तरी सगळं मिळून एक वॅटच्या आसपास. मघाशी आपण १२ वॅट जाळत होतो.

दुकानात गेलात तर इथं एक काळजी घ्या. आयआरएफझेड ४४ एन नावाचा जुळ्या भावासारखा दिसणारा मॉस्फेटही मिळतो आणि बहुतेक वेळा काउंटरवर तोच हातात ठेवतात. त्याला पूर्ण उघडायला १० व्होल्ट लागतात. आर्डुइनो देतं ५. मग तो अर्धवट उघडतो आणि तापतो. म्हणजे ज्या अर्धवटपणापासून पळत होतो तोच मागच्या दारानं घरात. नावातलं एक अक्षर, पण ते बघून घ्या.

सरासरी काढतं कोण?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण त्याचं उत्तर ना बोर्डात असतं ना प्रोग्राममध्ये.

बोर्डाच्या पिनवर मीटरऐवजी ऑसिलोस्कोप लावला तर ३.६ व्होल्ट कुठंच दिसत नाहीत. दिसतात ते फक्त पूर्ण आणि शून्य, पूर्ण आणि शून्य. आर्डुइनोमध्ये हे करायच्या सूचनेचं नाव 'ॲनालॉगराइट' आहे. त्यामुळं अनेकांना वाटतं की पिनमधून खरंच मधले व्होल्ट बाहेर येतात. येत नाहीत. मधलं तयार होतं ते पलीकडं, त्या मोटरमध्ये.

मोटर म्हणजे तारेचं वेटोळं. वेटोळ्यातला प्रवाह एकदम सुरू होत नाही आणि एकदम थांबतही नाही. त्यात बटण बंद झालं तरी त्याला पुढं वाहायचं असतं. त्याच्यासाठी मोटरच्या दोन टोकांना उलटा डायोड जोडतात. बटण बंद असताना प्रवाह त्या डायोडमधून गोल फिरत राहतो. डायोड लावला नाही तर अडलेला प्रवाह व्होल्टचा मोठा उसळा मारतो आणि पहिला बळी मॉस्फेटचा जातो. शिवाय मोटरचा रोटर आणि त्यामागचं जातं यांना वजन आहे. मिलिसेकंदाच्या ७०० मायक्रोसेकंदांत जातं थांबणार तरी कसं? म्हणजे ते वरणाचं पातेलं आहे. चालू-बंद त्याच्या लक्षातच येत नाही.

एलईडी दिव्याला मात्र वजन नाही. तो खरोखरच सेकंदाला शेकडो वेळा विझतो आणि पेटतो. तिथं सरासरी काढतो आपला डोळा. खात्री करायची असेल तर पीडब्ल्यूएमनं मंद केलेला दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा किंवा अंधारात दिवाच झरकन आडवा फिरवा. सलग रेषेऐवजी ठिपक्यांची माळ दिसेल. ठोके फार सावकाश असतील तर काही जणांचं डोकं दुखतं. म्हणून मखराच्या दिव्यांचे ठोके निवडताना कंजूषपणा नको.

थोडक्यात, ठोके किती वेगानं द्यायचे हे बोर्ड ठरवत नाही. पुढं काय जोडलंय ते ठरवतं. पाणी तापवायचं असेल तर दोन-चार सेकंदांत एक ठोकाही चालतो. मोटरला शेकडो-हजारो लागतात. आणि इथं आपले कान मध्ये येतात. आर्डुइनो उनोच्या बहुतेक पिनांवर सेकंदाला साधारण ४९० ठोके पडतात, पाच आणि सहा नंबरवर साधारण ९८०. हे दोन्ही आकडे माणसाला ऐकू येण्याच्या पट्ट्यात बसतात. त्यामुळं मोटर हळू फिरताना 'पीं' असा बारीक सूर काढते. आरतीत तो कुणाला ऐकू येणार नाही, पण दुपारच्या शांत वेळी मखराशेजारी पत्ते खेळणाऱ्या मंडळींना नक्की येईल. वीस हजारांच्या वर गेलं की आवाज कानाच्या आवाक्याबाहेर. कॉम्प्युटरच्या चार तारांच्या पंख्यांसाठी २५ हजारांचं प्रमाण ठरलंय ते याच कारणानं. मग लाखभर ठोके का देऊ नयेत? कारण प्रत्येक चालू-बंदमध्ये मॉस्फेट क्षणभर त्या अर्धवट जागेतून जातोच. जितके ठोके जास्त, तितके ते क्षण जास्त आणि तितकी उष्णता जास्त. देखाव्यातल्या वायपरच्या मोटरला उनोचे ४९० ठोके पुरेत. थोडा सूर सोसायचा.

हा सूर तुम्ही इतरत्रही ऐकला असेल. मुंबईला काकांकडं जाताना लोकलमध्ये बसलात तर नव्या गाड्या सुटताना सूर चढत जातो. जुन्या १५०० व्होल्ट डीसी लोकलमध्ये गाडी सुटताना वेग आवरायला मोठमोठे रेझिस्टन्स असायचे. म्हणजे आपला पहिला उपाय, फक्त गाडीएवढा मोठा. २००७ पासून आलेल्या लोकलमध्ये, आपल्या स्टेशनावरून सुटणाऱ्या डब्ल्यूएपी-७ इंजिनात आणि मेट्रोमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक बटणं करतात. ती ठोक्यांची रुंदी अशी बदलत नेतात, की मोटरला हव्या त्या वेगाची एसी लाट मिळते. कानावर पडणारा तो चढता सूर म्हणजे बटणांच्या ठोक्यांचा परिणाम. पुढच्या वेळी गाडी सुटताना कान देऊन ऐका.

जात्याचा प्रत्यक्ष हिशेब

४५ फेऱ्यांच्या १५ करायच्या, म्हणजे एक तृतीयांश. मग ड्यूटी सायकल ३३ टक्के ठेवायची का? कागदावर हो. प्रत्यक्षात मोटरच्या गिअरला, ग्रीसला आणि जात्याच्या लाकडाला घर्षण असतं. १५-२० टक्क्यांपर्यंत मोटर बहुधा नुसती गुणगुणेल, हलणार नाही. पुढं एका जागी ती एकदम सुटेल. तो आकडा प्रत्येक मोटरचा वेगळा, तो आपणच शोधायचा. सुरुवातीला पाव-अर्धा सेकंद ८० टक्के देऊन मोटर हलवायची आणि मग ३०-३५ वर आणायची. जड हातगाडीला आधी जोर लावून धक्का द्यावा आणि मग नुसती ढकलत न्यावी, तसं.

आर्डुइनोला हा आकडा टक्क्यांत सांगत नाहीत, ० ते २५५ मध्ये सांगतात. चिपच्या आत एक मोजणारा असतो. तो सतत शून्यापासून २५५ पर्यंत मोजत राहतो. आपण ८५ हा आकडा दिला, की मोजणी ८५ च्या खाली असताना पिन चालू आणि वर गेली की बंद. ८५ म्हणजे बरोबर एक तृतीयांश.

विठ्ठलाचा हात वर-खाली करायचा असेल तर वायपरची मोटर नको, छोटी सर्व्हो घ्या. तिला तीन तारा असतात. इथं मात्र ठोक्याचा अर्थ पूर्ण बदलतो. सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी एक ठोका जातो. तो १ मिलिसेकंदाचा असला की हात एका टोकाला, दीडचा असला की मधोमध, दोनचा असला की दुसऱ्या टोकाला. इथं कुणी सरासरी काढत नाही. सर्व्होच्या आतलं सर्किट ठोक्याची लांबी मोजतं आणि त्या कोनावर हात नेऊन धरतं. मोटरसाठी ठोका म्हणजे खुराक, सर्व्होसाठी ठोका म्हणजे निरोप. म्हणून मोटरला चालणारी 'ॲनालॉगराइट' सूचना सर्व्होला चालत नाही. तिच्यासाठी वेगळी लायब्ररी वापरावी लागते. सर्व्होची वीजही बोर्डावरून घेऊ नका. हात हलताना ती एकदम जास्त प्रवाह ओढते, बोर्डाचे व्होल्ट पडतात आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ५ व्होल्टचा वेगळा पुरवठा द्या, फक्त ऋण तारा एकत्र जोडा.

आणि एक सांगून ठेवतो. बाजारात २३० व्होल्टवर थेट चालणारी, चकती सावकाश फिरवणारी छोटी सिंक्रोनस मोटर मिळते. तिला पंख्याचा रेग्युलेटर लावून वेग कमी करायचा प्रयत्न करू नका. तिचा वेग आपल्या घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झशी बांधलेला असतो. रेग्युलेटर फिरवून ती हळू होत नाही, अडखळते किंवा थांबते. शिवाय देखाव्याजवळ लहान मुलं हात घालतात. तिथं १२ व्होल्टच बरे.

प्रोग्राम अडकला तर?

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी मी खरं तर हा लेख लिहायला घेतला. मी व्यवसायानं सॉफ्टवेअरवाला. नोकरीत मी अशाच बोर्डांसाठी प्रोग्राम लिहितो, जे पुढं मोटर किंवा झडप हलवतात. आमच्याकडं नवा बोर्ड आला, की तो नीट चालतो का हे बघण्याआधी एक चाचणी करतात. यंत्र चालू असताना प्रोग्राम मुद्दाम अडकवायचा आणि पुढची मोटर काय करते ते बघायचं.

पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्का बसतो, कारण मोटर थांबत नाही. मघाशी सांगितलेला तो मोजणारा हा चिपमधला वेगळा भाग आहे. प्रोग्राम त्याला एकदा आकडा सांगतो आणि आपल्या कामाला लागतो. प्रोग्राम मेला तरी मोजणारा शेवटचा आकडा धरून इमानेइतबारे ठोके देत राहतो. ८५ सांगितलं होतं तर ८५. जातं फिरत राहील. कुणाचा हात, दुपट्टा किंवा हार त्यात अडकला आणि तुम्ही प्रोग्रामला जोडलेलं 'थांब' बटण दाबलंत, तर ते ऐकायला प्रोग्राम जागाच नाही.

इथं तीन गोष्टी करायच्या, तिन्ही स्वस्त. एक, 'थांब'चं बटण प्रोग्रामला जोडू नका. मोटरच्या १२ व्होल्टच्या तारेतच खरं, हातानं दाबायचं, लाल बटण लावा, आणि तिथंच योग्य आकड्याचा फ्यूज. अडकलेली मोटर नेहमीपेक्षा कित्येक पट प्रवाह ओढते. त्या वेळी आधी फ्यूज जायला हवा, तार नाही. दोन, चिपमधला वॉचडॉग चालू करा. हा पहारेकरी ठरावीक वेळ प्रोग्रामची हाक ऐकू आली नाही, तर चिप पुन्हा सुरू करतो. उनोमधल्या चिपला ही वेळ जास्तीत जास्त ८ सेकंदांपर्यंत देता येते. आपल्याला एक सेकंद पुरे. तीन, मॉस्फेटच्या गेटपासून ऋण तारेपर्यंत १० हजार ओहमचा एक रेझिस्टन्स. चिप पुन्हा सुरू होताना तिच्या पिना काही क्षण ना चालू असतात ना बंद, अधांतरी असतात. तो रेझिस्टन्स तेवढ्या वेळात मॉस्फेट बंद धरून ठेवतो. रेझिस्टन्सची किंमत रुपया-दोन रुपये असेल. पण 'गोंधळ झाला तर थांब' हे तुम्ही त्या तारांना शिकवता ते त्याच्यामुळं.

मात्र 'थांब' हे प्रत्येक वेळी बरोबर उत्तर नसतं. कॉम्प्युटरचा तो चार तारांचा पंखा आठवा. त्याची हुकूम देणारी तार तुटली तर तो थांबत नाही, पूर्ण वेगानं फिरू लागतो. तो मुद्दाम तसा बनवलाय. पंखा थांबला तर आतली चिप तापून मरेल. जोरात फिरला तर फार तर आवाज होईल. हीटरचं उलटं. हुकूम थांबला की हीटर बंदच व्हायला हवा, आणि त्यावरही विश्वास न ठेवता वेगळा तापमानाचा फ्यूज हवा. गिझरमध्ये थर्मोस्टॅटखेरीज आणखी एक कट-आउट असतो तो त्यासाठीच. तेच पीडब्ल्यूएम, तेच ठोके, पण बोलणारा गप्प झाल्यावर काय करायचं हे पंख्याला एक आणि हीटरला दुसरं सांगावं लागतं. ते कुठल्याही पुस्तकातल्या सर्किटमध्ये आपोआप येत नाही. या यंत्राशेजारी कोण बसणार, कोण हात घालणार, हे जो बनवतो त्यालाच ठाऊक असतं. म्हणून ते त्यानंच ठरवायचं.

तर मंडळी, देखावा उभा करण्याआधी एकत्र बसा आणि एकमेकांना तीन प्रश्न विचारा. सरासरी कोण काढतंय: जातं, की डोळा? उष्णता कुठं जमतेय आणि तिच्याजवळ काय ठेवलंय? आणि बोर्ड अडकला तर काय होईल? तिसऱ्याचं उत्तर तोंडी देऊ नका. मखर सजवण्याच्या आदल्या दिवशी मोटर चालू ठेवून बोर्डाचा चिपकडे जाणारा धागा खरंच काढून बघा, प्रोग्राममध्ये मुद्दाम अनंत फेरा घालून बघा आणि लाल बटण घरातल्या सगळ्यांत लहान मुलाला दाबायला लावा. त्याला ते सापडलं आणि जातं थांबलं, की पुढचं सगळं रंगरंगोटीचं काम.

तुमच्या मोटरचा 'सुटण्याचा' आकडा किती निघाला ते जरूर कळवा. वायपरच्या मोटरींचे पाच-सहा आकडे जमले तर पुढच्या वेळी ते मांडू. त्याशिवाय पुढच्या महिन्यात स्टेपर मोटर: ठोके मोजून नेमकी किती पावलं चालायची हे कळणारी. जनाबाईच्या पाठीमागं उगवणारा चंद्र ज्यांना हवाय, त्यांनी तोवर चंद्र कापून ठेवावा.